आधी, नंतर की नकळत?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा बाजारपेठेतल्या दुकानदारापासून सीएंच्या ऑफिसातल्या आर्टिकलपर्यंत सगळे तीन फॉर्मांची साखळी पाठ करत होते. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला दिलेली प्रत्येक पावती जीएसटीआर-१ मध्ये चढवायची. ती खरेदीदाराच्या जीएसटीआर-२ मध्ये आपोआप उमटायची. त्याने ती मान्य करायची, नाकारायची किंवा राहून गेलेली जोडायची. मग दोन्हींच्या ताळमेळातून जीएसटीआर-३ तयार व्हायचा आणि कर भरला जायचा. महिन्याला जवळपास ३०० कोटी पावत्या झेपायला हव्यात, या हिशेबाने यंत्रणा आखलेली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये, पाच महिन्यांच्या आत, जीएसटी परिषदेने जीएसटीआर-२ आणि ३ बाजूला ठेवले. तात्पुरती सोय म्हणून आणलेला जीएसटीआर-३बी हा गोषवारा मुख्य विवरणपत्र होऊन बसला. दोन वर्षं उलटली तरी पावत्यांच्या ताळमेळाची मूळ योजना अमलात आलेली नाही, असं कॅगने २०१९ च्या अहवालात नोंदवलं.

याच यंत्रणेत सुरुवातीलाच आणखी एक निर्णय झाला होता. करदात्याने सरकारी पोर्टलवरच आलं पाहिजे असं नाही. त्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एपीआयमार्फत थेट जोडून घेता यावं, आणि त्यासाठी ‘जीएसटी सुविधा प्रोव्हायडर’ नावाच्या मध्यस्थ संस्था असाव्यात. पुढे फॉर्म गेले, नवे आले, २०२० मध्ये मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांसाठी ई-इन्व्हॉइस आलं. एपीआयची सोय मात्र टिकली आणि प्रत्येक बदलात उपयोगी पडली.

दोन्ही निर्णय लवकर घेतलेले, दोन्ही एकाच यंत्रणेतले. मग एक कोसळला आणि एक टिकला, असं का? सॉफ्टवेअरच्या आर्किटेक्चरचे निर्णय गरजा समजून घेतानाच, म्हणजे पहिली ओळ लिहिण्याआधी घ्यावेत का, आणि घ्यावेत तर कोणते, हा प्रश्न पन्नासहून अधिक वर्षं चर्चेत आहे. त्यावरची उत्तरं वाचताना मला राहून राहून वाटतं, की वाद चुकीच्या जागी घातला जातो. लवकर की उशिरा, असा पर्याय बहुतेक वेळा आपल्या हातात नसतोच. रचनेचे मोठे निर्णय लवकरच होतात. ते झाले हे कुणाला कळलं की नाही, एवढाच फरक उरतो.

या चर्चेची सुरुवात बहुतेक जण विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधापासून करतात, आणि तिथेच घसरतात. गरजा, विश्लेषण, डिझाइन, कोड, चाचणी अशा पायऱ्या उतरत जाणारी ‘वॉटरफॉल’ची आकृती त्या निबंधातली. पण ही पद्धत जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देते, असं रॉइस यांनी तिथेच म्हटलं होतं. निबंधाचा बाकीचा भाग ती जोखीम कशी कमी करावी यावर आहे. त्यांचा पहिलाच उपाय असा: गरजा लिहून झाल्या की विश्लेषण सुरू होण्याआधी एक प्राथमिक डिझाइन करा. ते विश्लेषकाने किंवा प्रोग्रामरने नव्हे, डिझायनरने करायचं. मेमरी किती लागेल, वेळ किती लागेल, यंत्रणा रोजच्या वापरात कशी चालेल, या मर्यादा त्याने विश्लेषकाच्या पुढ्यात ठेवायच्या. रॉइस अवकाशयानांच्या मोहिमांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांतले होते. तिथे संगणकाची क्षमता आधी ठरलेली, आणि नंतर ती पुरत नाही असं आढळलं तर सगळंच मुसळ केरात. निबंधातून उद्योगाने आकृती उचलली आणि उपाय सोडून दिला. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत वर्षानुवर्षं चाललेली रीत त्याचंच फळ आहे: बिझनेस अॅनालिस्टने गरजांचा दस्तऐवज लिहायचा, क्लायंटची सही घ्यायची, आणि मग आर्किटेक्टला बोलवायचं. साइन-ऑफ झाल्यावर आलेला आर्किटेक्ट प्रश्न विचारायला लागला की त्याला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणतात.

दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, डेव्हिड पार्नास यांनी जे लिहिलं ते मला या साऱ्या साहित्यातलं सर्वांत टिकाऊ वाटतं. त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम घेतला, ओळींतले शब्द फिरवून वर्णानुक्रमे सूची करणारा, आणि त्याचे तुकडे दोन पद्धतींनी पाडून दाखवले. पहिली पद्धत सर्वांना सुचते ती: काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने मॉड्यूल. आधी वाचा, मग फिरवा, मग लावा, मग छापा. दुसऱ्या पद्धतीत त्यांनी आधी यादी केली, की यातले अवघड निर्णय कोणते आणि पुढे बदलण्याची शक्यता असलेले कोणते. मग प्रत्येक निर्णयाला एकेका मॉड्यूलच्या आत असं बंद केलं, की तो बदलला तर बाकीच्यांना पत्ता लागू नये. दोन्ही प्रोग्रॅम चालतात. बदल आला की पहिला जागोजागी उसवतो.

जीएसटीकडे या नजरेने पाहा. मुख्य कंत्राट २०१५ मध्ये दिलं गेलं. घटनादुरुस्ती सप्टेंबर २०१६ मधली. केंद्रीय कायदे एप्रिल २०१७ मधले. नियम त्याही पुढे बदलत राहिले. म्हणजे यंत्रणा उभी राहत होती तेव्हा तिची सर्वांत अस्थिर गोष्ट कोणती, हे कुणालाही सांगता आलं असतं: विवरणपत्रांचं स्वरूप आणि त्यांचा क्रम. पार्नास यांच्या यादीत ती पहिली आली असती. तीन फॉर्मांच्या साखळीत नेमकी तीच गोष्ट कणा झाली होती. एका फॉर्मचं काम दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. उलट, हिशेबाचं सॉफ्टवेअर बाहेर राहील आणि ठरलेल्या पद्धतीने माहिती पाठवील, हा निर्णय कुठल्याही फॉर्मच्या आकारावर अवलंबून नव्हता. कायदा काहीही झाला असता तरी तो लागू पडला असता. पहिल्यात अमुक एक कार्यपद्धत कायम राहील असं धरलं होतं, दुसऱ्यात ती बदलेल असं.

न बोलता झालेल्या निर्णयांचं उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी हाताशी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीची दहा-पंधरा वर्षं मराठी डीटीपी ज्या फॉन्टांवर चाललं त्यांत अक्षर साठवलंच जात नव्हतं. साठवला जायचा तो छापील आकार. २५६ जागांत काना, वेलांटी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरांचे तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाची मांडणी वेगळी. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटीचा कोड आणि मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. उच्चारात आधी येतो क. हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. ग्राहक मुद्रक होता, त्याची गरज पान सुबक दिसावं ही होती, आणि ती उत्तम भागली. शोधता येईल का, वर्णानुक्रमे लावता येईल का, फॉन्ट बदलला तर मजकूर वाचता येईल का, हे प्रश्न छापखान्याच्या गरजेत नव्हतेच. ते पुढे ग्रंथालयांना, वृत्तपत्रांच्या संग्रहांना आणि इंटरनेटला पडले. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर आधी फॉन्ट उतरवून घ्या अशी सूचना असे, आणि तो नसला की पडद्यावर लॅटिन अक्षरांची रांगोळी.

पर्याय नव्हता असंही नाही. उच्चाराच्या क्रमाने अक्षरं साठवणारं ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये अधिकृत झालं होतं, आणि त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून युनिकोडचा देवनागरी विभाग आखला गेला. पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ गटाचं काम याच दिशेचं होतं. तरीही बाजारात छापील आकार साठवणारी रीत जिंकली, कारण तेव्हाच्या पेजमेकरसारख्या सॉफ्टवेअरला तेवढंच कळत होतं. मजकूर म्हणजे काय साठवायचं, हा आर्किटेक्चरचा निर्णय कुठल्याच बैठकीत झाला नाही. ‘छापून चांगलं दिसलं पाहिजे’ या एका ओळीतून तो आपोआप झाला, आणि तो उलटवायला एक पिढी गेली. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये मजकूर आणणारे कन्व्हर्टर लोक आजही शोधत असतात.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने या प्रश्नाला शिस्त लावायचा प्रयत्न केला. लेन बास, पॉल क्लेमंट्स, रिक काझमन या मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं: यंत्रणा काय करते यावरून तिची रचना ठरत नाही, ती ते कसं करते यावरून ठरते. तेच काम एका मोठ्या प्रोग्रॅममध्ये करता येतं आणि पन्नास छोट्या सेवांतही. वेग, सुरक्षा, उपलब्धता, बदलाची सोय हे गुण आले की पर्याय छाटले जातात. म्हणून गरजा गोळा करतानाच हे गुण प्रसंगांच्या रूपात लिहा. ‘सिस्टीम फास्ट असावी’ ही गरज नव्हे. महिनाअखेरीच्या संध्याकाळी इतके लोक एकाच वेळी आले तर पावती इतक्या सेकंदांत मिळावी, ही गरज. २००० च्या आसपास त्यांनी आर्किटेक्चर तपासण्याची ‘एटॅम’ ही पद्धत मांडली. तिच्यात सगळ्या संबंधितांना एका खोलीत बसवून प्रसंग लिहून काढायचे, क्रम लावायचा, आणि कोणता निर्णय कोणत्या गुणाचा बळी देतो ते उघड करायचं. संरक्षण खात्यासारख्या ग्राहकांच्या पैशावर वाढलेली ही पद्धत जड आहे. चार जणांच्या चमूने तिच्या नादी लागू नये. पण प्रसंगात आकडा हवा, हा तिचा आग्रह कुणीही उचलावा असा आहे.

आकडा काय करतो हे ‘आधार’मध्ये दिसतं. गरज एका वाक्याची: एका माणसाला एकच क्रमांक, आणि एका क्रमांकाचा एकच माणूस. आकडा लावला की हेच वाक्य रचना सांगू लागतं. १२० कोटी माणसांत कुणी दोनदा नाही ना, हे पाहायचं तर जोड्या होतात ७२ वर सोळा शून्यं इतक्या. दिवसाला १० लाख नवी नावं येत असतील आणि ६० कोटी आधीच नोंदलेली असतील, तर एका दिवसाच्या तुलनाच ६०० लाख कोटी. नावपत्त्यावर हे होणार नाही हे उघड. बोटाच्या ठशांवरही पुरेसं भागत नाही, कारण एवढ्या पसाऱ्यात अगदी किरकोळ चूकदरसुद्धा लाखो माणसांना नडतो आणि राबणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात. डिसेंबर २००९ मध्ये बायोमेट्रिक समितीने मानकांचा अहवाल दिला. अखेर ‘आधार’ प्राधिकरणाने दहा बोटांसोबत दोन्ही बुबुळंही घेतली. जुळणी करणारं सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं न घेता तीन कंपन्यांचं समांतर चालवलं आणि अचूकता व वेग पाहून कामाची वाटणी केली. नोंदणी केंद्राला इंटरनेट असेलच असं धरलं नाही. माहिती तिथेच कुलूपबंद करून नंतर पाठवायची सोय ठेवली. २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. तिथल्या नेटवर्कवर विसंबून नोंदणी आखली असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

क्रमांकाचीच गंमत घ्या. अकरा आकडे यादृच्छिक आणि बारावा पडताळणीचा, व्हर्होफ यांच्या रीतीने काढलेला. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर तो पकडतो. त्यात राज्य नाही, जन्मवर्ष नाही, काहीच अर्थ नाही. माणूस राज्य बदलतो, नाव बदलतो, पण क्रमांक बदलायचा नाही. म्हणून जे बदलू शकतं ते क्रमांकात घालायचंच नाही. पार्नास यांना हे आवडलं असतं.

पण हेच ‘आधार’ दुसऱ्या टोकालाही उदाहरण पुरवतं. नोंदणीच्या वेळी नेटवर्क नसेल हा प्रश्न विचारला गेला. रेशन दुकानात अंगठा लावताना नेटवर्क नसेल, हा प्रश्न तितक्या जोरात विचारला गेला नाही, आणि त्याचा त्रास कुणाला झाला हे दुर्गम भागातल्या कार्डधारकांना विचारावं. तसंच खासगीपणाचं. एकच क्रमांक बँकेत, मोबाइल कंपनीत, गॅस एजन्सीत सर्वत्र नोंदवला जाईल, याचा अर्थ वेगवेगळ्या नोंदवह्या जोडता येतील, हा रचनेचा परिणाम होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. जानेवारी २०१८ मध्ये प्राधिकरणाने खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायचा ‘व्हर्च्युअल आयडी’ जाहीर केला. तोवर मूळ क्रमांक असंख्य ठिकाणी पोचलेला होता. मागाहून आलेली गरज आणि आधीच झालेला निर्णय यांच्यात गरज हरते, ती अशी.

मग गरजांवरून रचना पद्धतशीरपणे काढताच येणार नाही का? संशोधकांनी प्रयत्न भरपूर केले. २००१ मध्ये बशर नुसैबेह यांनी ‘ट्विन पीक्स’ ही कल्पना मांडली: गरजा आणि आर्किटेक्चर ही दोन शिखरं शेजारी-शेजारी, आणि चमूने एकावरून दुसऱ्यावर येरझाऱ्या घालत दोन्ही थोडी थोडी स्पष्ट करत न्यायची. तयार सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला हे पटकन पटतं. त्यात काय मिळतं हे पाहिल्याशिवाय आपल्याला काय हवं तेच ठरत नाही. त्याच काळात आक्सेल व्हान लाम्सवेर्डे यांनी उद्दिष्टांच्या उतरंडीवरून, आणि जॉन मायलोपोलस व सहकाऱ्यांनी गुणांच्या जाळ्यावरून, पायरी पायरीने रचनेपर्यंत पोचायच्या पद्धती दिल्या. वाचायला त्या देखण्या आहेत. प्रत्यक्ष प्रकल्पात उद्दिष्टं इतकी नीट लिहिलेली असतात तिथे त्यांची गरज उरत नाही, आणि जिथे गरज असते तिथे तेवढं लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या बाजूला अॅजाइलवाले. मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांनी २००३ मध्ये सांगितलं, की निर्णय शेवटच्या जबाबदार क्षणापर्यंत पुढे ढकला. तोवर माहिती वाढते. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांनी राल्फ जॉन्सन यांचं एक निरीक्षण पुढे आणलं: जे निर्णय सुरुवातीलाच बरोबर यायला हवे होते असं आपल्याला वाटत राहतं, त्यांना आपण आर्किटेक्चर म्हणतो. इटालियन अर्थशास्त्रज्ञ एन्रिको झानिनोत्तो यांच्या एका व्याख्यानाचा धागा पकडून फाउलर पुढे गेले. गुंतागुंत वाढते ती न उलटणाऱ्या निर्णयांमुळे. तेव्हा चांगला आर्किटेक्ट निर्णय लवकर घेण्यात शक्ती घालवत नाही, ते उलटवता येतील असे करून टाकतो. त्यांचं उदाहरण डेटाबेसच्या आराखड्याचं होतं. एकदा ठरला की बदलायचा नाही, असं मानलं जायचं; प्रमोद सदलगे यांनी तो बदलणं आणि जुनी माहिती नव्या आराखड्यात नेणं सोपं होईल अशी व्यवस्था बसवली, आणि तो निर्णय आर्किटेक्चरच्या यादीतून गळाला.

हा विचार मला पटतो, पण त्याच्या नावाखाली जे चालतं ते नाही. ‘नंतर बघू’ म्हणजे निर्णय पुढे ढकलणं नव्हे. ढकललेल्या निर्णयाची नोंद असते: हे ठरलेलं नाही, अमुक झाल्यावर ठरवू, तोवर दोन्ही वाटा उघड्या राहतील असं लिहू. नोंद नसेल तर पहिल्या आठवड्यात कुणीतरी सवयीने एक डेटाबेस उतरवून घेतो आणि निर्णय होऊन जातो.

लवकर ठरवा म्हणणाऱ्यांचं एक ठेवणीतलं शस्त्र म्हणजे बॅरी बोएम यांची आलेखरेषा. गरजांच्या टप्प्यावर सापडलेली चूक एक रुपयात सुधारते, तीच यंत्रणा चालू झाल्यावर शंभर रुपये घेते. हे चित्र प्रत्येक प्रशिक्षणवर्गाच्या दुसऱ्या स्लाइडवर असतं. बोएम यांनी स्वतः १९८१ च्या पुस्तकात मोठ्या आणि छोट्या प्रकल्पांत फरक केला होता. छोट्यांत ही वाढ कितीतरी सौम्य होती. तो फरक स्लाइडवर येत नाही. २०१६ मध्ये टिम मेंझीज आणि सहकाऱ्यांनी १७१ प्रकल्पांची आकडेवारी तपासली. उशिरा सापडलेली अडचण सरसकट जास्त महाग पडते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यांचे प्रकल्प काटेकोर शिस्तीचे होते आणि त्यांनी मोजल्या त्या अडचणी, आर्किटेक्चरचे निर्णय नव्हेत. तेव्हा यावरून काहीही उशिरा ठरवलं तरी चालेल असा अर्थ काढू नये. पण शंभरपट म्हणून घाबरवणंही थांबावं. काही थोडे निर्णय शंभरपटच काय, अमर्याद महाग असतात, आणि बाकीचे बहुतेक स्वस्त. ते थोडे ओळखणं हेच काम.

ते कसे ओळखायचे? इथे पुण्यात झालेलं काम महत्त्वाचं आहे, आणि पुण्यातच त्याची फारशी वाच्यता नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या तिथल्या संशोधन विभागातल्या प्रीतू रोझ अनिश, स्मिता घैसास आणि सहकाऱ्यांनी, जेन क्लीलँड-हुआंग, माया दानेवा, रोएल विरिंगा या परदेशी संशोधकांबरोबर, २०१५ च्या सुमारास अनुभवी आर्किटेक्टांना विचारलं, की गरजांच्या दस्तऐवजात कोणती वाक्यं दिसली की तुम्ही थबकता? गुणांची वाक्यं तर आलीच. पण वरवर साध्या कामाच्या वाटणाऱ्या कितीतरी वाक्यांत रचना लपलेली निघाली. ‘व्यवहाराचा इतिहास ठेवावा.’ ‘रात्री सर्व खात्यांचं व्याज लावावं.’ ‘अहवाल छापता यावा.’ ‘दुसऱ्या बँकेच्या प्रणालीशी जोडावं.’ ‘स्थानिक भाषेत दिसावं.’ यांतलं प्रत्येक वाक्य बिझनेस अॅनालिस्टच्या दृष्टीने पूर्ण असतं. आर्किटेक्टच्या दृष्टीने ते प्रश्नांची सुरुवात असतं: इतिहास किती वर्षं, कोण पाहणार, तो बदलता येऊ नये याची हमी हवी का, तो मूळ माहितीसोबतच राहणार की वेगळा? या गटाने अशा प्रत्येक प्रकारासाठी खोदून विचारायच्या प्रश्नांच्या याद्या बनवल्या, म्हणजे आर्किटेक्ट हजर नसला तरी अॅनालिस्टने ते पहिल्याच भेटीत विचारावेत.

साध्या वाक्याची किंमत अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१३ रोजी मोजली. आरोग्य विम्याच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’वर योजना नुसत्या पाहायच्या असल्या तरी आधी खातं उघडायला लागेल, असं ठरवलं गेलं होतं. दिसायला ही स्क्रीनच्या क्रमाची बाब. परिणाम असा, की चौकशीला आलेला प्रत्येक माणूस ओळख तपासणाऱ्या एकाच भागावर जाऊन आदळला. एका वेळी ५० ते ६० हजार लोक येतील असा अंदाज होता, आले अडीच लाख. पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली.

असे निर्णय दडलेली वाक्यं यंत्राने शोधावीत यासाठी दोन दशकं प्रयत्न चालू आहेत. गरजांच्या वाक्यांतून वेग, सुरक्षा वगैरे वेगळी काढणारे प्रोग्रॅम क्लीलँड-हुआंग यांच्या गटाने २००६-०७ मध्ये केले. त्यांनी वापरलेला संच ६२५ वाक्यांचा, डीपॉल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या १५ प्रकल्पांतला. पुढे असंख्य शोधनिबंधांची अचूकतेची टक्केवारी याच संचावर मोजली गेली. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमासाठी लिहिलेल्या वाक्यांवर इतकी मोठी इमारत चढवली गेल्याचं पाहून थोडं हसू येतं. आता मोठी भाषा-मॉडेलं आली. त्यांना गरजांचा दस्तऐवज दिला की मिनिटाभरात आर्किटेक्चरचा आराखडा हाती येतो, चौकोन-बाणांसकट. तो बहुतेक वेळा शहाणा दिसतो, कारण अशा कामांसाठी लोक जे नेहमी करतात तेच त्यात असतं. अडचण अशी, की दस्तऐवजात जे नाही ते विचारण्याऐवजी ते भरून टाकायची या मॉडेलांची सवय आहे, आणि भरलेलं काय आणि दिलेलं काय हे वाचणाऱ्याला वेगळं दिसत नाही. त्यांच्याकडून आराखडा मागण्यापेक्षा, या दस्तऐवजात कोणते निर्णय न सांगता होऊन गेलेत, त्यांची यादी मागितली तर उपयोग जास्त. अशी यादी ठेवायची साधी रीत उपलब्धही आहे. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेलं एकपानी टिपण: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय, आणि हा निर्णय सध्या लागू आहे की बदलला. कोडच्याच शेजारी ठेवायचं. कितीतरी चमू ते ठेवतात, पण पहिलं टिपण बहुधा कुठलं फ्रेमवर्क वापरायचं याचं असतं. तोवर मोठे निर्णय होऊन गेलेले असतात.

आपल्याकडच्या सरकारी कामांत तर ते निविदेतच होतात. निविदेच्या परिशिष्टात सर्व्हर किती, कुठल्या क्षमतेचे, डेटा सेंटर कुठे, लायसन्स किती, हे छापलेलं असतं. कंत्राट मिळाल्यावर जो पहिला टप्पा येतो त्याचं नाव असतं गरजांचा अभ्यास आणि एसआरएस, म्हणजे गरजांचा दस्तऐवज. म्हणजे काय बांधायचं हे विचारण्याआधी कशात बांधायचं ते ठरलेलं, दर त्यावरच भरलेला, आणि अनेकदा सर्वांत कमी दराच्या कंपनीला काम दिलेलं. अभ्यासात काही वेगळं निघालं तरी ते स्वीकारायची सोय कंत्राटात नसते, आणि ऑडिटच्या भीतीने अधिकारी स्वीकारतही नाहीत. या साऱ्या प्रक्रियेत लेखी प्रश्न विचारायची आणि लेखी उत्तर मिळायची एकच जागा आधी येते, ती प्री-बिड बैठकीची. तिथे बोलीदार प्रश्न पाठवतात, खातं उत्तरं प्रसिद्ध करतं आणि गरज पडली तर शुद्धिपत्रक काढतं. पुण्याच्या गटाने केलेल्या याद्यांतले प्रश्न नेमके तिथे विचारता येतील. सध्या तिथे विचारलं जातं ते बहुतांशी उलाढालीची अट शिथिल होईल का, बँक गॅरंटी किती टक्क्यांची आणि पहिला हप्ता कधी.